शंभरपैकी शंभर, पण चुलीपाशी काय?

मेंदूत रक्तस्राव झालेली बाई दवाखान्यातून घरी आली की गावाचा पहिला प्रश्न असतो, "चालते का?" चालत असली तर झाली बरी! ती मात्र भाजीत दोनदा मीठ टाकते, चार भाकरी थापल्या की आडवी होते, घरात सगळे एकदम बोलायला लागले की डोकं धरून बसते. मग कुणीतरी म्हणतंच, ढोंग करते. आज आम्ही तुम्हाला या 'बरी झाली'चा इतिहास सांगणार आहोत. बरं होणं मोजायचं कशानं, हे डॉक्टरांनाही ठरवावं लागलं, आणि ते ठरवताना घरकाम बरीच वर्षं बाहेरच राहिलं.

१९५७ साली स्कॉटलंडमधल्या जॉन रँकिन या डॉक्टरांनी पक्षाघाताच्या साठीपुढच्या रुग्णांसाठी पाच पायऱ्या मांडल्या. पहिलीवर नेहमीची सगळी कामं जमतात, पाचवीवर माणूस अंथरुणाला खिळलेला. थोडे बदल होऊन ही मोजणी आजही जगभर चालते.

१९६५ साली अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात डॉक्टर फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल या दोघींनी दहा कामांची यादी छापली. जेवणं, अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, लघवी-शौचावर ताबा, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना चढणं, अशी कामं. प्रत्येकाला गुण, एकूण १००. अंघोळीला ५, चालण्याला १५. दवाखान्यात दुसऱ्या माणसाची मदत किती लागते, हे त्यातून चटकन कळे. त्या दोघींनी एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहून ठेवली होती. १०० गुण मिळाले तरी त्या माणसाला स्वयंपाक, घर सांभाळणं, चारचौघांत वावरणं जमेलच असं नाही. पुढे आकडा सगळीकडे गेला आणि ही ओळ मागे पडली, असं आम्हाला वाटतं.

यानंतरची गोष्ट ऐकून तुम्हाला हसू येईल, कदाचित रागही. १९६९ साली फिलाडेल्फिया शहरात लॉटन आणि ब्रोडी यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी आणखी एक मोजणी केली. त्यात बाजारहाट, औषधं, पैशांचा व्यवहार, फोन आणि प्रवास होता. स्वयंपाक, घर आवरणं आणि धुणंही होतं. पण बायकांना आठही कामं मोजायची आणि पुरुषांना ही शेवटची तीन सोडून पाचच! निदान चुलीला गुण तरी मिळाले म्हणायचे.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी हे काम १९८३ साली इंग्लंडमध्ये झालं. 'फ्रेंचे' नावाच्या या यादीत पंधरा प्रश्न आहेत. मुख्य जेवण बनवता का, भांडी घासता का, कपडे धुता का, दुकानात जाता का, लोकांत जाता का, बागकाम करता का. येतं का, असं ती विचारत नाही. गेल्या काही महिन्यांत किती वेळा केलंत, असं विचारते. त्यामुळे आजाराआधीचं आणि नंतरचं शेजारी-शेजारी ठेवता येतं. याला मशीन लागत नाही. पुढच्या तपासणीला जाताना आपल्या बाईचं असं आधीचं-नंतरचं लिहून न्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

राहिला थकवा. मेंदूच्या आवरणाखाली होणारा रक्तस्राव पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो, आणि तोही पुष्कळदा पन्नाशीच्या आसपास, म्हणजे घर जिच्यावर चालतं त्या वयात. त्यातून वाचलेल्या अनेकींना थकवा, विसरभोळेपणा, झोप न लागणं, मन उदास राहणं हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं छळतं. सी.टी. स्कॅनमध्ये थकवा दिसत नाही. तो मोजायची नऊ वाक्यांची एक यादी १९८९ साली अमेरिकेत निघाली. ती मुळात दुसऱ्या आजारांसाठी होती, पुढे मेंदूच्या रुग्णांनाही लागू केली गेली. प्रत्येक वाक्यापुढे १ ते ७ मधला एक आकडा लिहायचा असतो, आणि तो डॉक्टर नाही, नवरा नाही, सासू नाही, जिला थकवा आहे तीच लिहिते.