संघच टिकला नाही, चाहते मोजणार कसे?

महाराष्ट्रात हॉकीला चाहते नाहीत, म्हणून इथला संघ लीगमध्ये टिकत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. पण हे चाहते कुणी, कधी मोजले?

२००५ ची प्रीमियर हॉकी लीग आठवा. मराठा वॉरियर्समध्ये खडकीचा धनराज पिल्ले होता, पण पहिल्या हंगामाचे सामने झाले हैदराबादला. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्सनी अंतिम फेरी गाठली. त्या लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीगसोबत मुंबई मॅजिशियन्स आले आणि दोन हंगामांत संपले. मग दबंग मुंबई. २०१७ च्या अंतिम सामन्यात ते कलिंगा लान्सर्सकडून हरले आणि लीगच थांबली. २०२४ च्या डिसेंबरात ती परतली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

बाजार लोकसंख्येवरून मोजता येतो. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती. चाहते तसे मोजता येत नाहीत. संघ सलग हरत असताना पुढच्या सामन्याला किती लोक येतात, यावरून ते कळतात. त्यासाठी तेच नाव, तेच मैदान वर्षानुवर्षं लागतं. शिवाय वर्ध्यात फोनवर सामना बघणारा मुंबईच्या तिकिटांच्या हिशेबात येतच नाही.

आपण चाहते मोजलेच नाहीत. दर वेळी मोजणी सुरू होण्याआधीच संघ गुंडाळला गेला.