वेळापत्रक कोण लावतं?

फौजेत मी पहाऱ्याचे ड्यूटी रोस्टर पुष्कळ बनवले. एक नाव हलवलं की चार हलतात. विद्यापीठाचं वेळापत्रक म्हणजे हेच काम, फक्त कितीतरी मोठं. ते संगणकावर कसं गेलं, ते आज पाहू.

१९६२ साली म्युनिकच्या संगणक परिषदेत टोरोंटो विद्यापीठाच्या कॅल्विन गॉटलीब यांनी हा प्रश्न गणितात मांडला: शिक्षक, वर्ग आणि तास जुळवायचे, पण एका वेळी कुणीही दोन ठिकाणी नको. १९६७ मध्ये वेल्श आणि पॉवेल यांनी तो रंग भरण्याच्या गणिताशी जोडला. प्रत्येक विषय हा एक ठिपका. ज्या दोन विषयांत एखादा विद्यार्थी सामाईक, ते रेषेने जोडायचे. जोडलेल्या ठिपक्यांना वेगळे रंग. एक रंग म्हणजे एक तास.

मग १९७६ साली इव्हन, इताई आणि शमीर यांनी दाखवलं, की हा प्रश्न मुळातच अवघड गटातला आहे. त्याचं झटपट आणि हमखास उत्तर देणारी रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही. म्हणून सॉफ्टवेअर सर्वोत्तम नव्हे, चालण्याजोगं उत्तर शोधतं. काही नियम मोडायचेच नाहीत; काही मोडले तर दंडाचे गुण.

हे गुण मात्र माणूस ठरवतो. शेवटची बस पकडून गावी जाणाऱ्या मुलीची अडचण कुणी नोंदवलीच नाही, तर यंत्राच्या लेखी ती नसतेच. तेव्हा संगणकाला बोल लावण्याआधी विचारा: गुण कुणी ठरवले?