जुन्या बोधचिन्हाचे नवे रेखाटन : मालकी आणि श्रेय

अनेक जुन्या मराठी मंडळांची बोधचिन्हे कोणा स्थानिक चित्रकाराने हाताने काढलेली आहेत. मूळ चित्र हरवते, लेटरहेडवर पुसट ठसा तेवढा उरतो. मग एखादा तरुण कार्यकर्ता ते संगणकावर पुन्हा रेखाटून देतो. आम्हीही तसेच करून घेतले आणि स्मरणिकेत ‘बोधचिन्ह’ या शब्दापुढे फक्त त्या तरुणाचे नाव छापले. मूळ चित्रकाराच्या कन्येने अंक चाळून शांतपणे विचारले, “मग बाबांनी काय काढलं होतं?” त्यानंतर आम्ही कायदा वाचला. सर्व मंडळांच्या उपयोगाचे मुद्दे येथे देत आहोत.

मालकी : कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्राचा पहिला हक्क सामान्यतः चित्रकाराचा असतो. तो पगारी नोकर नसेल आणि लेखी करारही नसेल, तर हक्क मंडळाकडे आला असे गृहीत धरू नये. हुबेहूब पुन्हा काढल्याने नवा हक्क निर्माण होत नाही. नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडी तरी सर्जनशीलता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात म्हटले आहे.

मुदत : चित्रकाराच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे. समजा निधन १९९० साली झाले, तर हक्क ३१ डिसेंबर २०५० पर्यंत राहील.

श्रेय : हे मालकीपेक्षा वेगळे. कलम ५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला दिल्यावरही, चित्र आपले आहे हे सांगण्याचा आणि त्याची प्रतिष्ठेला बाधक मोडतोड रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो. त्याच्या पश्चात तो वारसांना बजावता येतो. आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे स्टेट बँकेचे १९७१ मधील बोधचिन्ह. ते बँकेचे आहे, पण काढणारे म्हणून शेखर कामत यांचेच नाव घेतले जाते.

काय करावे : चित्रकाराची वा सर्व वारसांची लेखी संमती सहीनिशी घ्यावी. हक्क लिहून घेताना मुदत व प्रदेश स्पष्ट लिहावेत. ते रकाने रिकामे राहिल्यास कायदा ५ वर्षे आणि भारतापुरते असे धरतो. रंग वा अक्षरे बदलायची असल्यास तेही नमूद करावे.

श्रेयाची ओळ अशी असावी : ‘मूळ बोधचिन्ह – अमुक; पुनर्रेखाटन – तमुक’. पुढच्या स्मरणिकेत आम्ही तशीच छापली आणि पहिली प्रत त्या ताईंच्या घरी नेऊन दिली.