हापशाचं पाणी, ताठलेली पाठ

नारू या जंताचा पांढरा धागा काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर बाहेर ओढायचा आणि तुटू द्यायचा नाही, हा उद्योग महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून, पाण्यात पाय बुडवून घागर भरायची पद्धत होती तोवर नारू हटला नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. या यशातला मोठा वाटा हापशाचा, म्हणजे गावातल्या बोरिंगचा. त्याच बोरिंगने यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवड्याकडच्या गावांना मात्र दुसरंच दुखणं दिलं, आणि ते काही काडीवर गुंडाळून बाहेर काढता येत नाही.

बोरिंगची लाट आली ती १९७२ च्या दुष्काळाबरोबर. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. राज्याचा दुष्काळ हाताळणारा माणूस याच जिल्ह्यातला होता. विहिरी तळाला गेलेल्या. काळ्या पाषाणात भोक पाडणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं युनिसेफने बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळानंतर देशात आणायला सुरुवात केली होती, त्यामुळे खणायची सोय झाली. अडलं ते वर बसवायच्या पंपावर. बिडाचे पंप एका कुटुंबापुरते घडवलेले. अख्खं गाव दिवसभर दांडा मारू लागलं की त्यांचे सांधे निखळत. तोडगा मराठी मुलखातच निघाला. जालन्याच्या मिशनमध्ये आणि पुढे सोलापुरात पोलादी पंप घडवला गेला. सोलापूर पंपाच्याच धर्तीवर ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तो देशभर, मग परदेशांतही गेला.

जंतूंच्या हिशेबाने हे पाणी निर्मळ होतं. पटकी, हगवण, नारू यांच्याशी झगडणाऱ्या आरोग्य खात्याला त्या घडीला तेवढंच हवं होतं, आणि त्याबद्दल कुणाला दोष देणं अन्यायाचं ठरेल. पण पाणी तपासायचं म्हणजे जंतू तपासायचे, अशी एक समजूत त्यातून घट्ट बसली. खडकातून पाण्यात काय उतरलं, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारलाच नाही.

यवतमाळचा बहुतेक भाग बेसाल्टचा. पांढरकवडा-वणीकडे मात्र चुनखडक, वालुकाश्म आणि कोळशाचे थरही लागतात. उथळ विहिरीच्या पाण्यात सहसा कॅल्शियम भरपूर असतं आणि ते फ्लोराइडला फार वाढू देत नाही. खोलवर, वर्षानुवर्षं खडकाला लागून राहिलेल्या पाण्यातलं कॅल्शियम घटतं, सोडियम वाढतं आणि फ्लोराइड मोकळेपणाने विरघळून राहतं. म्हणून एकाच गावात जुन्या विहिरीचं पाणी चांगलं आणि शाळेपुढच्या बोरिंगचं वाईट, असं घडू शकतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा पर्यायच नसेल तर दीड. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात ते या मर्यादेच्या कितीतरी पट सापडल्याचा शोधनिबंध ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळाला तोवर पस्तीस वर्षं होऊन गेली होती.

पस्तीस वर्षं म्हणजे हाडांच्या दृष्टीने पुष्कळ झाली. पहिली खूण दातांवर उमटते: पक्के दात तयार होत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे पाणी पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे येतात. ते घासून जात नाहीत, कारण ते मुळात वरचे डाग नसतातच. हाडांचं नुकसान सावकाश होतं. फ्लोराइड हाडात जाऊन बसतं; एक्स-रेमध्ये हाड दाट, भरदार दिसतं, प्रत्यक्षात ते ठिसूळ झालेलं असतं. स्नायुबंधांवर चुना चढतो. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांमधला पडदाही चुन्याने भरतो, आणि एक्स-रेमधली ही खूण डॉक्टर आवर्जून शोधतात. मान वळत नाही, कंबर वाकत नाही, उकिडवं बसणं सुटतं. ज्या माणसाचं पोट निंदणीवर आणि कापूस वेचणीवर आहे, त्याच्यासाठी कंबर न वाकणं म्हणजे मजुरी बुडणं. फारच वाढलं तर मणक्यांच्या आतली मज्जारज्जूची वाट चेपते आणि पाय लुळे पडतात.

गावाने याला वात म्हटलं. त्यात नवल नाही. म्हातारपणी सांधे धरतात हे सगळ्यांनाच ठाऊक. मग वाताचे ठरलेले इलाज सुरू झाले: मोहाच्या तेलाने चोळणं, बिब्ब्याचे चटके, तापल्या लोखंडाचा डाग, उसण भरली असं समजून पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेणं, नाहीतर नातवाला पाठीवर उभं करणं. गुडघ्याला तेल चोळण्याने बिघडत काही नाही. पण चुना चढलेल्या, ठिसूळ झालेल्या मणक्यावर कुणी उभं राहणं हा उघड धोका आहे. शिकलेल्यांचं वागणं तरी काय वेगळं होतं? गोळी, इंजेक्शन आणि ‘वयोमानाने होतं’. पाणी कुठलं पिता, हे विचारायचं राहूनच गेलं.

खरं तर उत्तर छापून आलेलं होतं, तेही १९३७ पासून. त्या वर्षी शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातले ताठलेले रुग्ण तपासून त्या ताठण्याचा संबंध पाण्यातल्या फ्लोराइडशी जोडून दाखवला. त्याच साली डेन्मार्कमध्ये काय रोहोल्म यांचा क्रायोलाइट कारखान्यातल्या कामगारांवरचा मोठा ग्रंथ आला. फ्लोराइडयुक्त धुळीने त्यांचीही हाडं अशीच घट्ट झाली होती. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणखी एक गोष्ट पुढे आणली: ज्वारीच्या आहारावर माणसाच्या शरीरात भातापेक्षा जास्त फ्लोराइड साठून राहतं, असं १९७७ च्या अभ्यासात दिसलं. भाकरीवर जगणाऱ्या वऱ्हाडासाठी ही बातमी चांगली नव्हती.

पाणी सुधारण्याची युक्तीही शेजारच्या नागपुरातच निघाली. तिथल्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नलगोंडा’ पद्धत बसवली. बादलीत ढवळा, निवळू द्या, वरचं पाणी काढून घ्या, इतकं सोपं. कागदावर. प्रत्येक पाण्याला तुरटीचं माप वेगळं लागतं, ते चुकलं तर तुरटीच पाण्यात उतरते, आणि खाली बसलेला गाळ टाकायचा कुठे हे कुणी सांगत नाही. शेतावरून दमून आलेल्या बाईने रोज हे करत राहावं अशी अपेक्षा धरणारी योजना पहिल्या दिवसापासूनच लंगडी होती.

या आजाराला, म्हणजे फ्लोरोसिसला, औषध नाही. हाडात बसलेलं फ्लोराइड काढणारी गोळी अजून निघालेली नाही. थांबवता येतं ते पुढचं साठणं. त्यामुळे इथे डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा सिस्टरचं आणि आशाताईचं समजावणं जास्त कामाचं. दिल्लीच्या एम्समध्ये आणि नंतर स्वतःच्या प्रतिष्ठानातून डॉ. ए. के. सुशीला यांनी आयुष्यभर हेच मांडलं. फ्लोरोसिसच्या प्राथमिक तपासणीत रुग्णाला तीन हालचाली करायला सांगतात आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. गुडघे न वाकवता पायाची बोटं धरा. हनुवटी छातीला टेकवा. दोन्ही हात मानेमागे नेऊन एकमेकांत अडकवा. या हालचाली जमत नसतील तर पुढचा प्रश्न घागरीचा: कोणत्या बोरिंगची, किती वर्षांपासून? कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, हा प्रश्न आणखी नेमका विचारावा लागतो, कारण तिथे झिऱ्याचं पाणी आणि बोरिंगचं पाणी ऋतूप्रमाणे आलटून-पालटून प्यायलं जातं.

मग येतं शिकवणं. पिण्याला आणि स्वयंपाकाला चांगल्या विहिरीचं किंवा पावसाचं पाणी, बोरिंगचं धुण्या-भांड्याला. चहाच्या पानांत मुळातच फ्लोराइड असतं, म्हणून बिनदुधाचा काळा चहा कमी. काळं मीठ आणि सैंधव टाळायचं. दूध, नाचणी, पालेभाजी, आवळा, लिंबू वाढवायचं. चिंच खाल्ल्याने लघवीवाटे जास्त फ्लोराइड बाहेर पडतं, हे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांवर तपासलेलं आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआत इनरेम फाउंडेशनने फ्लोराइडने पाय वाकलेल्या मुलांच्या आहारात तरोटा आणला. यवतमाळात पहिल्या पावसानंतर बांधाबांधावर उगवणारी, गरिबाची म्हणून नाक मुरडली जाणारी ही भाजी कॅल्शियमने भरलेली असते.

ज्यांचे पाय गेलेत त्यांच्या घरच्यांना वेगळा धडा द्यावा लागतो: दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज बघा, कातडी लाल दिसली की त्या बाजूवर निजवू नका. हलकी हालचाल चालू ठेवा, पण सांधा जोर लावून मोडू नका. मान धरून ‘मोकळी’ करून देणाऱ्यापासून रुग्णाला लांब ठेवा.

केंद्र सरकारचा फ्लोरोसिस नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातल्या १२ जिल्ह्यांच्या फ्लोराइडबाधित पाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठापुढे गेला, त्यात यवतमाळही होता, आणि जानेवारी २०१६ मध्ये लवादाने आदेश दिले. बाधित हापशांना लाल रंग देण्याची पद्धतही आहे. पण लाल हापशाशेजारी हिरवा हापसा नसेल तर बाई घागर घेऊन जाणार कुठे? रंग देण्याचं काम एका दिवसाचं, म्हणून ते होतं. समजावण्याचं काम वर्षानुवर्षांचं, आणि गावाशी तेवढी वर्षं जोडलेल्या सिस्टरच्या माथ्यावर लसीकरणापासून जन्मनोंदीपर्यंत आधीच ढीगभर कामं असतात.

ज्यांच्या घरी किंवा शेतात बोअर आहे त्यांनी त्याचं पाणी भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावं, आणि देताना ‘फ्लोराइड बघा’ असं स्पष्ट सांगावं. नुसती जंतूंची तपासणी झाली तर हा दोष कळत नाही. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. नुसत्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचाही त्यावर उपयोग नाही.