जान किंवा जमीन

टिळकांचे स्वराज्याचे वचन शाळेतल्या पोरालाही पाठ असते. मला मात्र आमच्या मावळखोऱ्यातली एक घोषणा तितकीच मोलाची वाटते: ‘जान किंवा जमीन’.

टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मुळशीला धरण होणार होते. त्यात जमिनी बुडणार म्हणून १९२१ साली रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. त्यांची ही घोषणा खोऱ्यात घुमली.

यातले ‘जान’ आणि ‘जमीन’ हे दोन्ही शब्द मूळचे फारसी. त्यांना जोडणारा ‘किंवा’ संस्कृतातला. रामनवमीला लढायला निघालेल्या शेतकऱ्याला हे शब्द कधी परके वाटले नाहीत. म्हणून भाषेतून ‘मुसलमानी’ शब्द वेचून काढा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग या घोषणेत उरेल काय? नुसता ‘किंवा’!

तो लढा हरला, धरण झाले. पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनीच, पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणारे शेतकरी बऊरला द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. लोणावळ्याहून पुण्याला जाताना बऊर आले की ती जुनी घोषणा आठवते. नव्वद वर्षांनीही मावळच्या शेतकऱ्याचा सवाल तोच होता.