शीव कोळीवाड्याचा पत्ता आणि जँगोची यादी

मुंबईत कोळीवाडे पुष्कळ: वरळीचा, माहीमचा, धारावीचा, शीवचा. पाकिटावर नुसते ‘कोळीवाडा, मुंबई’ लिहिले तर पोस्टमनने ते न्यावे कुठे? त्यातच हार्बर मार्गावरील कोळीवाडा स्टेशनाचे पुढे गुरू तेग बहादूर नगर झाले. केवळ नावावर विसंबले की अशी पंचाईत होते. म्हणून मुंबईकर फार पूर्वीपासून पत्त्यात ‘मुंबई २२’, ‘मुंबई २८’ असे विभागाचे आकडे लिहीत.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हे दळणवळण मंत्रालयातील अधिकारी संस्कृतचे पंडितही होते. पहिला आकडा मोठ्या विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. मुंबईला ४०० मिळाले आणि जुना २२ त्यापुढे ०२२ होऊन बसला. शीव झाले ४०००२२, दादरचे २८ झाले ४०००२८. लोकांच्या तोंडी बसलेला आकडा मोडला नाही, याचे आम्हाला विशेष कौतुक वाटते.

तीस वर्षांनी हाच प्रश्न संगणकापुढे आला. वाचकाने मागितलेला पत्ता वाचून ते काम कोणत्या आज्ञावलीकडे सोपवायचे, हे ठरवणे म्हणजे राउटिंग. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे, एका वृत्तपत्राच्या कचेरीत, एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये पायथॉन भाषेत त्यासाठी चौकट रचायला घेतली. २००५ मध्ये ती ‘जँगो’ नावाने सर्वांना खुली झाली. हे नाव जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचे.

जँगोत पत्त्यांच्या नमुन्यांची एक यादी असते. मोठ्या संकेतस्थळात पत्त्याचा पहिला भाग जुळला की तो बाजूला काढून उरलेला भाग दुसऱ्या यादीकडे देता येतो. ४०० पाहून थैली मुंबईला पाठवावी आणि पुढचे तीन आकडे तिथल्यांनी वाचावेत, तसेच हे. प्रत्येक नमुन्याला नावही देता येते. मग पत्ता बदलला तरी यादीतली एकच ओळ बदलावी लागते. स्टेशनाच्या पाट्यांना ही सोय नव्हती!

उणीव मात्र खरी आहे. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिला जुळणारा नमुना जिंकतो. समजा वर ‘शाळा/<नाव>/’ आहे आणि खाली ‘शाळा/नवीन/’. आता ‘शाळा/नवीन/’ मागणाऱ्याला नोंदणीचा अर्ज मिळत नाही. संगणक ‘नवीन’ नावाची शाळा शोधू लागतो आणि ती सापडत नाही. खालची ओळ बिनचूक असूनही तिच्यापर्यंत कोणी पोचत नाही, त्यामुळे चूक चटकन ध्यानात येत नाही. पिनकोडात असे होत नाही, कारण तिथे आकडे ठरलेल्या लांबीचे असतात. २०१० मध्ये आलेल्या ‘फ्लास्क’ या दुसऱ्या चौकटीत नेमका नमुना आधी तपासला जातो, लिहिण्याचा क्रम काहीही असो. शिवाय जँगोचे नमुने डिसेंबर २०१७ मधील दुसऱ्या आवृत्तीपर्यंत क्लिष्ट चिन्हांत लिहावे लागत. नवशिक्याची त्यात दमछाक होई.

हे वर्गात करून पाहता येईल. फळ्यावर वरील दोन नमुने लिहावेत. एका विद्यार्थ्याने संगणक व्हावे, बाकीच्यांनी पत्त्यांच्या चिठ्ठ्या त्याच्या हाती द्याव्यात. मग ओळींची अदलाबदल करून त्याच चिठ्ठ्या पुन्हा द्याव्यात.