नाटक, खेळ, प्रयोग : 'पहिले मराठी नाटक' नेमके कोणते? #थ्रेड

१/ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, त्याचे हे स्मरण. तरीही पहिल्या मराठी नाटकाचा मान कोणाचा, यावर मतभेद आहेत. त्यांचे मूळ बरेचसे शब्दांच्या अर्थांत सापडते.

२/ संस्कृत नाट्यशास्त्रात व्यापक संज्ञा 'रूपक' ही होती. धनंजयाच्या 'दशरूपका'त रूपकाचे दहा प्रकार सांगितले आहेत. 'नाटक' हा त्यांतील केवळ एक. प्रख्यात कथेवरील 'शाकुंतल' हे नाटक, तर कल्पित कथेचे 'मृच्छकटिक' हे प्रकरण. मराठीने मात्र एका प्रकाराचे नाव सर्वांनाच दिले.

३/ भाव्यांच्या सादरीकरणास 'खेळ' म्हणत. सूत्रधार पदे गाऊन कथानक पुढे नेई आणि पात्रे प्रसंगानुरूप भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. सर्व संवाद आधी लिहून ठेवण्याची रीत त्यात नव्हती.

४/ पुढे संपूर्ण लिहिलेली, छापलेली नाटके आली. त्यांना 'बुकिश' नाटके हे नाव पडले. वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) हे त्यांतील आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण. येथे नटाला लेखकाचे शब्द पाठ करावे लागत.

५/ संहिता आणि सादरीकरण असे वेगळे झाल्यावर 'प्रयोग' या शब्दाचे महत्त्व वाढले. नाटक एकच, प्रयोग अनेक. म्हणूनच आपण 'शंभरावा प्रयोग' म्हणतो, 'शंभरावे नाटक' म्हणत नाही.

६/ आता जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' पाहा. १८५५ मध्ये लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. शेतकरी दांपत्याची धर्माच्या नावाने होणारी लुबाडणूक आणि त्यावर शिक्षणाचा उपाय, हा त्याचा विषय. ते छापले गेले थेट १९७९ मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात.

७/ तंजावरच्या शहाजीराजे भोसले यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' तर या सर्वांहून जुने. खेळ हा निकष मानला, तर सांगलीकडे बोट जाते. मराठीतील संहिता शोधली, तर तंजावरकडे. समकालीन सामाजिक विषयावरील लिखित नाटक म्हटले, तर फुल्यांकडे.

८/ प्रयोगालाच प्रमाण मानले, तर ज्यांना रंगमंच नाकारला गेला त्यांचे लेखन इतिहासातून आपोआप गळते. म्हणून 'पहिले' ठरवण्यापूर्वी 'पहिले काय?' हे विचारावे.